पाच ठोके

माझ्या धाकट्या भावाच्या बैलाचे फोटो काढायला शहरातून माणसं आली, त्या दिवसापासून माझं पोट दुखायला लागलं. बोलायची रीत म्हणून सांगत नाही, खरंच दुखायचं. बेंबीच्या वर, डाव्या बाजूला. बायकोनं हळद-चिंचेचं पाणी करून पाजलं, खोबरेल चोळलं, उतार पडला नाही. कशानं दुखतंय ते मला ठाऊक होतं, पण ते बायकोला सांगणार कुठल्या तोंडानं?

बैलाचं नाव जुरागान. आमच्याकडे शेठमाणसाला तसं म्हणतात, आणि बैल होताही तसाच. तांबूस अंग, पांढरं तोंड, गळ्याखाली लोंबती पोळी. चालताना घाई म्हणून नाही. त्या उन्हाळ्यात वाडीतल्या विहिरी तळाला गेल्या होत्या, आम्ही माणसं दोन-दोन दिवस अंघोळीवाचून राहत होतो, आणि हा शेठ मात्र दिवसाआड नारळाच्या काथ्यानं घासून घेत होता. माझा भाऊ मर्सुदी नदीवरून खांद्यावर कावड घालून पाणी आणायचा. बैलाच्या अंगावरून ओघळणारं पाणी मातीत जिरताना मी पाहत बसायचो.

मशिदीत सांगतात, कुर्बानीचं जनावर निर्दोष पाहिजे. लंगडं नको, काणं नको, कान फाटका नको. शहरातल्या मोठ्या मशिदीची माणसं सगळा डोंगर धुंडाळून आली आणि बोट ठेवलं ते जुरागानवर. ईदच्या तीन दिवस आधी ट्रक येऊन त्याला नेणार होता.

आता माझं ऐका. बाप मरताना एकच गाय ठेवून गेला. म्हणाला, "एक वासरू थोरल्याचं, एक धाकट्याचं. भांडू नका." पहिलं वासरू माझ्या वाट्याला आलं, ती मेनुर. दुसरं मर्सुदीचं, तो हा जुरागान. आई एक, गवत एक, डोंगर एक. माझ्या मेनुरच्या बरगड्या लांबून मोजाव्यात. गाभण राहावी म्हणून डॉक्टरनं दोनदा सुई टोचली, दोनदा उलटली. आणि तिचा भाऊ फोटो काढून घेत उभा!

तरी मर्सुदी वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण तो सगळ्यांचा लाडका. कुणाचं घर शाकारायचं असलं की हा आधी वर चढलेला. हसतो ते तोंडभर. लहानपणी आईनं सोयाबीनचं तेंपे तळलं की स्वतःच्या ताटातला तुकडा माझ्या ताटात टाकायचा, आणि आई म्हणायची, "बघ, धाकटा असून कसा आहे." तो तुकडा माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

एकच गोष्ट होती जी मला यायची आणि त्याला यायची नाही. वाडीच्या चौकीवर फणसाच्या लाकडाचं केंटोंगान टांगलेलं आहे, माणसाच्या मांडीएवढं जाड, पोट कोरलेलं. ते मी कोरलं आणि वाजवायचोही मीच, बावीस वर्षं. एक-एक सावकाश म्हणजे मयत. दोन-दोन म्हणजे घरात चोर. तीन-तीन आग, चार-चार पूर. आणि पाच-पाच म्हणजे जनावर चोरीला गेलं. सगळं निभावलं की कबुतर वाजवायचं. आधी सुटे सावकाश ठोके, मग एकात एक मिसळत जोरात, मग परत सावकाश. कबुतर पंख झाडून उडतं आणि लांब जातं, तसं. ते ऐकलं की बायका दारं उघडतात. रोज दिवेलागणीलाही, दिवस सुखात गेला म्हणून, कबुतर वाजतं. माझ्यासारखं कबुतर या डोंगरात कुणाला यायचं नाही. पण बावीस वर्षांत एकानंही तसं म्हटलं नव्हतं. वाजलं की लोक कामाला लागतात, वाजवणाऱ्याकडे कोण बघतो?

त्या मोसमात नदीपलीकडच्या दोन वाड्यांतून तीन जनावरं गेली. लहान टेम्पो येतो, तोंड बांधून चढवतात, उजाडायच्या आत पक्क्या रस्त्याला. म्हणून वाडीप्रमुखांनी, म्हणजे पाक दुकुह यांनी, सगळ्यांची जनावरं चौकीखालच्या सपाटीवर एका गोठ्यात आणवली. सतरा जनावरं. दोघादोघांचा पहारा लावून दिला, आणि पुन्हा एकदा सगळ्यांना समजावलं. पाच ठोके वाजले की कोणी कुठली वाट अडवायची, कोणी बांबूच्या पुलावर जायचं, कोणी पक्क्या रस्त्याला.

ट्रक येणार त्याच्या आदल्या दिवशी माझी पाळी होती. संध्याकाळी मी गवताचा भारा घेऊन घरी आलो तर रुबिना, माझी बायको, अंगणात कसावा सोलत बसलेली. अंगात नवा ब्लाऊज, हिरवा, गळ्याला जर.

"हा कुठला?"

"यातिनानं दिला. तिला घट्ट होतो म्हणे."

यातिना म्हणजे मर्सुदीची बायको.

"दिला आणि तू घेतलास?"

"मग काय तोंडावर फेकू तिच्या? बैल गेला की ती नवीन शिवणार आहे."

"काढ तो."

"काढते. तुम्ही दुसरा आणा, मग काढते," रुबिना म्हणाली आणि कसाव्याची साल सुरीनं अशी ओढली, की ती माझ्या पायापर्यंत उडाली.

तिला तो रंग शोभत होता, हे सगळ्यात जास्त झोंबलं.

गोठ्यावर पोचलो तर तिथं जत्रा. सगळी वाडी जुरागानला शेवटचं बघायला आलेली. माझ्याबरोबर पाळीवर असलेला साकिमान तोंडाचा मोठा फटकळ. तो कापडी टेप घेऊन बैलाची छाती मापत होता.

"अरे, ही छाती आहे का ढोल!" साकिमान ओरडला. "कास्दी, ये रे. तुझ्या मेनुरलाही मापतो. करगोट्याचा दोरा आणलायस का?"

सगळे खदाखदा हसले. मेनुर गव्हाणीत तोंड घालून उभी होती. मीही हसलो. हसावं लागतं.

मर्सुदी हसला नाही. तो माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत, थोरल्या भावाला आमच्याकडे कांग म्हणतात तसं, म्हणाला, "कांग, आज रात्री त्याला ओलं गवत नको हं. पोट फुगतं त्याचं. हा पेंढा सोडून ठेवलाय, तोच घाल. आणि अडसर नीट लाव. तुला सांगायला नको म्हणा."

"नको ना? मग सांगतोस कशाला?"

"तसं नाही रे. तू आहेस म्हणून मी निवांत झोपेन, एवढंच म्हणायचं होतं."

लवंगी सिगारेटचं आख्खं पाकीट त्यानं माझ्या खिशात घातलं. मी ती रात्रभर ओढली. एकेक सिगारेट ओढताना वाटायचं, याच्या बापाचं काय जातं द्यायला!

पहाट झाली. नमाजेची बांग झाल्यावर साकिमान घोंगडं झटकून घरी गेला. "मी जातो, तू आहेसच," म्हणाला. धुकं नव्हतं, नुसता कोरडा गारवा होता आणि सतरा जनावरांच्या श्वासाची ऊब. उठून मी मेनुरला मूठभर गवत घातलं. तिनं दोन काड्या चावल्या आणि मान वळवली. शेजारी जुरागान रवंथ करत माझ्याकडे बघत होता. पेंढा पुरा खाऊन वर आणखी मागत होता.

मला त्याला मारायचं नव्हतं. चोराच्या हाती द्यायचं तर मुळीच नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं की तो थोडा बाहेर पडावा, खालच्या दगडी बांधांवरून घसरावा, एक खूर दुखावा. नाहीतर काटेरी बांबूत घुसून कान फाटावा. नुसता एक कान. मग शहराच्या मशिदीची माणसं येतील, कान बघतील, मान हलवतील आणि ट्रक रिकामा परत जाईल. मर्सुदीचा चेहरा कसा दिसेल ते मी मनात बघितलं, आणि महिनाभर दुखणारं पोट थांबलं. खोटं नाही सांगत, त्या क्षणी थांबलं.

मी त्याच्या दाव्याची गाठ सैल केली, हिसका दिला की सुटेल इतकी. दाराचा बांबूचा अडसर काढला आणि भिंतीला नीट उभा टेकवून ठेवला. वस्तू फेकायची मला सवय नाही, बापानं लावलेली शिस्त. मग विळा आणि दोर घेतला आणि गवताला निघून गेलो, वरच्या अंगाला, उलट्या दिशेनं.

उन्हं चांगली वर आल्यावर परतलो. गवत कुठलं मिळायला, सागाखाली नुसता पाचोळा. अर्धा भारा डोक्यावर घेऊन चौकीपाशी आलो तर यातिना गोठ्याच्या दारात उभी राहून छाती बडवत होती.

"गेला! माझा जुरागान गेला! नेला हो मेल्यांनी!"

दहा-बारा माणसं जमली होती. मर्सुदी रिकाम्या खुंट्याजवळ उकिडवा बसला होता. हातात दावं नव्हतं, काहीच नव्हतं.

"कास्दी, तू केव्हा गेलास इथून?" साकिमाननं विचारलं.

"उजाडल्यावर. गवताला."

"तेव्हा होता?"

"होता."

"मग उजेडात नेलाय! काय छाती म्हणावी! मघाशी टेम्पोचा आवाजही आला खालून, मी ऐकला. अरे, बघत काय उभा राहिलास? वाजव की!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. टेम्पो कसला, वीटभट्टीचा असेल. बैल गेला तर आपल्या पायांनी गेला आणि खाली ओढ्याच्या अंगाला कुठंतरी चरत असेल, हे त्या सगळ्यांत मला एकट्याला माहीत होतं. एवढंच म्हणायचं होतं, "थांबा, आधी ओढ्यात बघू." पण मग कोणीतरी विचारलं असतं, ओढ्यातच का? अडसर कुणी काढला? आणि मर्सुदीनं वर बघितलं असतं. ते बघणं मला नको होतं.

मी भारा टाकला, चौकीवर चढलो आणि केंटोंगानचा दांडा उचलला. पाच. थांबून पाच. थांबून पाच. एकही ठोका चुकला नाही. बावीस वर्षांचा हात माझ्या ऐकण्यातला नव्हता. एकेक ठोका सुटा, स्वच्छ, डोंगराला लागून परत येत होता. क्षणात वाडीची दारं धाडधाड लागली. माणसं कोयते, काठ्या, जे सापडेल ते घेऊन आपापल्या वाटेला पळाली. आमच्या वाडीला चोख धावता येतं. मला त्याचा अभिमानच असायचा.

चौकीवर मी एकटा उरलो. मनात म्हटलं, बघतील, बैल सापडेल, सगळे हसतील. पोटात पुन्हा कळ आली.

मग खालून, बांबूच्या पुलाकडून, आरोळी आली, "धरला! धरला रे!"

चौकीवरून पूल दिसतो. माणसांचं कडं दिसलं. कड्याच्या आत कोण ते दिसत नव्हतं, फक्त वर जाणारे आणि खाली येणारे हात दिसत होते. आवाज आधी माणसाचा होता. "मी गवत कापतो हो! मी गवतवाला!" नंतर नुसतं ओरडणं राहिलं. मग तेही कमी झालं. पाक दुकुह त्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत गेलेले, थांबवणारं कोणी नव्हतं. साकिमानचा आवाज मला इतक्या लांबून ओळखू आला.

"बैल कुठं आहे ते सांगत नाही! पेट्रोल आणा रे, मोटरसायकलमधलं काढा!"

तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या खोऱ्यात एका चोराला तसं केलं होतं. ती जागा अजून काळी आहे. मी तिथून जाताना दुसरीकडे बघतो.

ओरडून काही ऐकू जाणार नव्हतं. पळत गेलो असतो तर पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं असतं. उपाय एकच होता आणि तो माझ्या हातात लटकत होता. पण कबुतर वाजवलं की पहिला प्रश्न मलाच. वाडीचा नियम आहे, वाजवणाऱ्यानं उत्तर द्यायचं. सगळं ठीक आहे हे तुला रे कसं कळलं? बैल नाही सापडला, माणसं नाही परतली, आणि तू कशाच्या जोरावर सांगतोस?

मी उभा राहिलो. किती वेळ उभा राहिलो ते मला आजही सांगवत नाही. पाच श्वास, सहा श्वास. तेवढ्या वेळात त्या माणसाला किती लागले असतील ते मी कधी विचारलं नाही.

मग वाजवलं. सावकाश, सुटे, मग जोरात, मग परत सावकाश. वाजवत राहिलो. कड्यातले हात वरच्या वर थांबले. माणसांनी चौकीकडे तोंडं वळवली. एकानं काठी खाली टाकली. अंगाला सवय असते, डोक्याला कळायच्या आधी हात ऐकतात. पुढल्या घरातलं दार किरकिरलं आणि एक म्हातारी बाहेर डोकावली.

मर्सुदी धापा टाकत चौकीवर आला.

"सापडला? कांग, कुठं आहे?"

"ओढ्यात बघ," मी म्हणालो. "खाली, कुंभाराच्या खाणीकडे."

तो विचारत बसला नाही. उडी मारून गेला.

बैल ओढ्यातच होता. कुणाच्या तरी मक्यात शिरून कणसं खाऊन, वर सावलीत उभा राहून रवंथ करत होता. अंगावर ओरखडा नाही. खुरांना माती, एवढंच. कान दोन्ही साबूत. चौकीवरून मला तो दिसला असेल असं सगळ्यांना वाटलं, म्हणून कबुतराचं कुणी विचारलं नाही.

कान फाटला होता तो पुलावरच्या माणसाचा. डावा, वरपासून निम्म्यापर्यंत. उजवा हात मनगटाच्या वर वाकलेला. तो नदीपलीकडच्या वाडीतला जुमिरान. उन्हाळ्यात आमच्याकडच्या सागात गवताला येणारा. हातात विळा घेऊन पुलावर पळताना दिसला, अनोळखी होता, बास. साकिमानच्याच मोटरसायकलवर मधे बसवून त्याला दवाखान्यात नेला. पेट्रोल मग त्याच कामी आलं.

दुपारी पाक दुकुह परत आले, ते सरळ गोठ्यावर. सगळ्यांना जमवलं. उन्हात उभं केलं, सावलीत बसू दिलं नाही.

"माणूस मेला असता," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "दवाखान्यातून येतोय मी. त्याच्या बायकोनं विचारलं, माझ्या नवऱ्यानं तुमचं काय नेलं? मी काय सांगू तिला? बोला. मका खायला गेलेल्या बैलापायी आपण माणूस जाळायला निघालो होतो. अडसर कुणी उघडा टाकला?"

यातिना पदर तोंडात धरून उभी होती. मी भिंतीकडे बघत होतो. अडसर अजून तिथंच होता, मी टेकवला तसा, सरळ, नीट. मर्सुदीही त्याच्याचकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. त्याला कळलं. एकाच बापाच्या हाताखाली वाढलेलो आम्ही, त्याला नाही कळणार तर कुणाला!

"मी," मर्सुदी म्हणाला. "सकाळी शेठला बघायला आलो होतो. कांग गवताला गेला होता. जाताना अडसर लावायचा विसरलो. गाठही नीट मारली नाही. चूक माझी आहे पाक."

यातिनानं झटकन त्याच्याकडे बघितलं. तो सकाळी घरातून हलला नव्हता, तिला माहीत होतं. पण ती गप्प राहिली.

गर्दीतून एक सुस्कारा गेला. "माणूस बघा," कोणीतरी म्हणालं. "स्वतःहून कबूल केलं." दुसरा म्हणाला, "दुसरा असता तर तोंड लपवलं असतं." साकिमान तर पुढे होऊन त्याच्या पाठीवर थोपटू लागला. खुद्द पाक दुकुहांचा चेहरा निवळला. "चूक कुणाच्याही हातून होते," ते म्हणाले. "पण सांगायला छाती लागते."

मी वाचलो होतो. कोणीही शहाणा माणूस तिथं मान खाली घालून गप्प बसला असता.

पण माझ्या अंगाची आग आग झाली. मला काय वाटलं ते जसंच्या तसं सांगतो. बापाचं चांगलं वासरू यानं नेलं. आईची शाबासकी यानं नेली. माझ्या बायकोच्या अंगावर याच्या घरचं कापड. आयुष्यात एक गोष्ट मी एकट्यानं, माझ्या डोक्यानं, माझ्या हातानं केली होती, भले पाप का असेना, आणि तेही हा हसतमुखानं उचलून घेऊन गेला आणि त्याच्यावर शाबासकी मिळवून बसला! तेंप्याचा तो तुकडा पुन्हा माझ्या ताटात पडला.

"खोटं बोलतोय तो!" मी ओरडलो.

"कांग, गप बस," मर्सुदी हळूच म्हणाला.

"का गप बसू? तुझा काय संबंध? अडसर मी काढला! गाठ मी सोडली! जाणूनबुजून सोडली. त्याचा कान फाटावा म्हणून सोडली. आणि माहीत असून पाच मी वाजवले. हे माझं आहे. यातलं काही तुझं नाही!"

लोकांना वाटलं असेल, याला पश्चात्ताप झाला. रुबिनालाही तसंच वाटलं. ती रडायला लागली. मर्सुदीला मात्र बरोबर कळलं. पहिल्यांदाच त्याचं तोंड मावळलेलं मी पाहिलं, जे बघायला मी महिनाभर तळमळत होतो. बघितलं आणि काही वाटलं नाही.

पाक दुकुहांनी माझ्या हातून केंटोंगानचा दांडा काढून घेतला. जुमिरानचा हात जुळेपर्यंत त्याच्या दोन गाईंचं गवत मी कापायचं, रोज, स्वतः नेऊन घालायचं, असं ठरलं. दांडा कुणाकडे द्यायचा यावर फार बोलणं झालं नाही. मर्सुदीकडे दिला. आणखी कुणाकडे देणार!

ट्रक आला. जुरागान फळीवरून चढला, शेठसारखा, घाई न करता. मर्सुदीनं त्याच्या कपाळाला कपाळ लावलं आणि उतरला. माझ्याशी बोलला नाही. आजतागायत कामापुरतंच बोलतो.

ईद गेली. मी रोज दोन भारे कापत होतो, एक मेनुरचा, एक जुमिरानचा. ओठ फुटायचे, मानेला दोराचा वळ पडायचा. पुलावरून जाताना बांबू करकरतात. जुमिरानच्या घरी पहिले आठ-दहा दिवस कोणी माझ्याकडे बघायचं नाही. गव्हाणीत गवत टाकायचं आणि माघारी फिरायचं. त्याची बायको अंगणात असली तर आत जायची. ठीक होतं. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

एका संध्याकाळी तो स्वतः पडवीत बसला होता. हात गळ्यात बांधलेला, कानावर पट्टी. म्हणाला, "बसा." बायकोला आत हाक मारली, तिनं चहा आणून ठेवला, गोड, झाकणीचा ग्लास. मी टेकलो. दोघांनी थोडा वेळ गाईंकडे बघितलं.

"चारा चांगला आणता," तो म्हणाला. "काटा नसतो."

"बघून कापतो."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. इतके दिवस मनात होतं ते विचारलं. "तुम्ही त्या दिवशी पळालात कशाला? जिथं होतात तिथं गवत कापत राहिला असतात तर कोणी बोट लावलं नसतं. घाबरलात आणि घात झाला."

त्यानं माझ्याकडे नवलानं पाहिलं.

"घाबरून? नाही हो. पाच वाजले ना!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पाच-पाच. जनावर गेलं कुणाचं तरी. आमच्याकडे पाच वाजले की जो जिथं असेल तिथून धावतो. मला वाटलं, चोर पुलावरून निसटेल, तुमची माणसं वरून यायला वेळ लागेल, मी जवळ आहे. भारा टाकला आणि पूल अडवायला धावलो. माझा विचार होता, नुसता आडवा उभा राहीन."

ग्लास माझ्या हातात होता. खाली ठेवायला जागा समोरच होती, पण मला ती दिसेना.

तेवढ्यात नदीपलीकडून, आमच्या वाडीकडून, दिवेलागणीचं कबुतर ऐकू आलं. मर्सुदी वाजवत होता. सावकाश ठोके बरे गेले, पण जोरात येताना हात अडखळला, दोन ठोके एकावर एक पडले. कबुतर उडालं नाही, नुसतं फडफडलं.

जुमिराननं चांगला कान वर केला. "हा दुसरा कोणी आहे," तो म्हणाला. "त्या दिवशीचा नव्हे."

"माझा भाऊ आहे. शिकतोय."

"आणि त्या दिवशी कोण होतं?"

बैल मी सोडला हे त्याला माहीत होतं. एवढं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. भावाचं नाव घेतलं असतं तर चाललं असतं, त्याला कुठं कळणार होतं.

"मी," मी म्हणालो.

त्यानं डाव्या हातानं कानावरची पट्टी जरा सारखी केली. पलीकडचे ठोके थांबले.

"फार स्वच्छ वाजवता तुम्ही," जुमिरान म्हणाला. "इतक्या लांब सागात होतो, पण पाच म्हणजे पाचच ऐकू आले."